दौऱ्याच्या तारखा कोण ठरवतं?

मिरजेहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी कळवलंय. पत्र चांगलं चार पानी आहे. त्यातला मुख्य भाग असा:

"माझं वय 36. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मिरजेजवळच्या कुपवाड एमआयडीसीत आठ वर्षं सीएनसीवर, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या मशीनवर, काम केलं. सव्वाचार वर्षांपूर्वी एका मशीन बनवणाऱ्या कंपनीत ट्रेनर म्हणून लागलो. कंपनीचं मशीन जिथे विकलं जाईल तिथे जाऊन ऑपरेटर आणि सेटर (मशीन कामासाठी लावून देणारे) लोकांना शिकवायचं. राजकोट, कोइमतूर, लुधियाना, होसूर, चाकण. महिन्यातले वीस-बावीस दिवस बाहेर. बायको मिरजेतच एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, तिला शिफ्ट असते. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचंय, ते तीनदा पुढे ढकललं. मुलगा चौथीत. घरी आलो की दोन दिवस कौतुक होतं, तिसऱ्या दिवशी माझी अडचण व्हायला लागते. इतक्या लोकांना शिकवलं, पण मागे काही राहतं असं वाटत नाही. स्वतः मशीनवर जॉब (घडवायचा तुकडा) लावून महिने उलटतात, हाताची सवय सुटत चाललीय. कुपवाडच्या एका वर्कशॉपवाल्याने प्रोग्रामर म्हणून बोलावलंय, पगार आठ हजारांनी कमी. सोडू का?"

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात कंपनीने पाठवलं, गिऱ्हाइकाने दोन दिवस वाढवून मागितले, बायकोला नाइट लागली, ऑपरेशन पुढे गेलं, असं सगळं आहे. चार पानांत एकही तारीख तुम्ही स्वतः ठरवलेली नाही. मला तुमच्या त्रासाचं मूळ तिथेच दिसतं. प्रवासाने माणूस दमतो हे खरं, पण परवा कुठे असणार हेच माहीत नसेल तर तो त्याहून जास्त दमतो, आणि त्याच्याबरोबर घरही दमतं. म्हणून 'सोडू का' याचं उत्तर आज देत नाही. आधी तीन महिने तारखा तुमच्या हातात घ्या. मग बघू.

मी साताऱ्यात घर ठेवून पंप आणि मोटर दुरुस्तीचे वर्ग घेत बरीच वर्षं फिरलो आहे, त्यामुळे तारखा हातात घ्या म्हणणं सोपं आणि घेणं अवघड, हे मला माहीत आहे. सुरुवात कागदापासून करा. गेल्या सहा महिन्यांचे टीए-डीएचे, म्हणजे प्रवास आणि दैनिक भत्त्याचे, क्लेम तुमच्याकडे असतीलच. ते समोर ठेवून प्रत्येक दिवसापुढे एकच शब्द लिहा: शिकवलं, प्रवास किंवा वाया. वाया म्हणजे तुम्ही पोचलात पण मशीनला वीज जोडलेली नव्हती, जॉब पकडणारा चक आला नव्हता, किंवा अर्जंट डिस्पॅच आहे म्हणून मशीन प्रॉडक्शनला लावलेलं होतं. फिरत्या ट्रेनरचे असे दिवस किती जातात हे कंपनीत कुणाला दिसत नाही, कारण क्लेममध्ये तेही कामाचेच दिवस म्हणून जातात.

हा कागद घेऊन साहेबांकडे जा आणि मागायचं ते नेमकं मागा. गिऱ्हाइकाने आधी लेखी कळवावं: मशीन चालू आहे, रोज निदान चार तास मोकळं मिळेल, शिकायला सहाच माणसं असतील आणि ती खरोखर मशीनवर काम करणारी असतील. एचआरने हजेरीपत्रक भरण्यासाठी आणून बसवलेल्या वीस माणसांना शिकवून तुमचा घसा तेवढा बसतो. हे कळवल्याशिवाय तिकीट काढायचं नाही. दुसरं, एका भागातली कामं एकत्र करायची. राजकोट आणि जामनगर एका फेरीत होतात, कोइमतूर आणि होसूरही होऊ शकतात. विक्रीवाल्यांनी फोन केला की धावायचं, यातून हे कधीच जमत नाही. तिसरं, जी-कोड, एम-कोड या मशीनला द्यायच्या आज्ञा, प्रोग्रामची मांडणी हा फळ्यावरचा भाग आठवडाभर आधी ऑनलाइन घ्यायचा आणि प्रत्यक्ष गेल्यावर फक्त मशीनवरचं शिकवायचं. पाच दिवसांचं काम त्यामुळे तीन दिवसांत होऊ शकतं. आणि प्रवासाचा दिवस हा कामाचा दिवस. रविवार रेल्वेत गेला असेल तर बदली सुट्टी मिळाली पाहिजे. हे मागताना संकोच करू नका. तुमचे वाया गेलेले दिवस कंपनीच्याही खिशातून गेलेत, हे त्याच कागदावर दिसणार आहे.

एका गोष्टीवर मात्र मी अगदी हट्टाने बोलणार आहे. रात्रभर स्लीपर बसने जाऊन सकाळी नऊला मशीनसमोर उभं राहू नका. कंपनीला एक दिवस वाचल्यासारखा वाटतो, पण अर्धवट झोपेतला माणूस चालत्या चकपाशी उभा असतो आणि त्याच्याकडे बघून शिकणारी सहा पोरंही तिथेच असतात. परतीचंही तेच. हायवेवरच्या कितीतरी गाड्या सांगलीत शिरत नाहीत, पेठनाक्यावर सोडतात. रात्री तीनला तिथे उतरायचं, मिळेल त्या वाहनाने मिरज गाठायची आणि सकाळी पोराला शाळेत सोडायचं, याला घरी येणं म्हणत नाहीत. निघायला एक संध्याकाळ उशीर झाला तरी चालेल, पण झोप झालेले असे घरी या.

आता 'मागे काही राहत नाही' याबद्दल. हे तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात लागलेलं वाक्य. कारण तुम्ही जे शिकवता त्यात काय असतं हे बाहेरच्या माणसाला कळतच नाही, आणि घरच्यांनाही तुम्ही कधी सांगितलं नसेल.

साधं उदाहरण घेतो. टर्निंगवर बोअर, म्हणजे जॉबमधलं भोक, 2 शतांश लहान येतोय. म्हणजे 0.02 मिलिमीटर. ऑपरेटर वेअर ऑफसेटच्या, म्हणजे टूलच्या झिजेची दुरुस्ती भरायच्या, पानावर जातो. तिथे आधीपासून -0.12 आहे. तो 0.02 टाइप करतो. आता स्क्रीनखाली दोन बटणं: एक 'इनपुट', एक 'प्लस इनपुट'. प्लस इनपुट दाबलं तर आधीच्या आकड्यात मिळवून -0.10 होतं, आणि बोअर बरोबर येतो. इनपुट दाबलं तर जुना आकडा पुसून तिथे 0.02 बसतं. म्हणजे टूल 0.14 ने सरकलं आणि जॉब भंगारात. मिलिंगवर, टूलची लांबी भरायची असते त्या रकान्यात हीच चूक झाली, तर 150 मिलिमीटरच्या टूलला लांबीच नाही असं धरून टूल फिरवणारा स्पिंडल खाली येतो. त्याच्यापुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. ज्या पोराला हे शिकवलेलं असतं तो आकडा टाकल्यावर लगेच सायकल स्टार्ट दाबत नाही. सिंगल ब्लॉक लावतो, म्हणजे प्रोग्राम एकेक ओळीने चालवतो, रॅपिड म्हणजे टूलची मोकळी धाव 25 टक्क्यांवर आणतो, एक अंगठा टूल थांबवणाऱ्या फीड होल्डवर ठेवतो. टूल जॉबच्या वर आलं की थांबवतो आणि स्क्रीनवर किती अंतर उरलेलं दिसतंय ते वाचतो. स्क्रीन म्हणते 80 मिलिमीटर उरलेत आणि डोळ्याला तर चार बोटं जागा दिसते, तर जुळतंय. स्क्रीन म्हणते 80 आणि बोटभरसुद्धा जागा नाही, तर रिसेट.

हे कुणी शिकवलं, ते पाच वर्षांनी त्याला आठवणार नाही. पण त्याचा अंगठा मात्र रोज त्या बटणावर जाणार. लुधियानाच्या एखाद्या शॉपमध्ये काल रात्रीच्या पाळीत एक स्पिंडल वाचला असेल, तर त्याचा फोन मिरजेला येत नसतो. न झालेल्या अपघाताची बातमी कुणी कळवत नाही. तरी तुम्हाला धागा हवा असेल, आणि तो हवा असं वाटणं चुकीचं नाही, तर एक करा. वर्ग संपताना प्रत्येक ऑपरेटरकडून त्याच्याच जॉबची सेटअप शीट त्याच्या हाताने लिहून घ्या. गुजरातीत लिहू दे, तमिळमध्ये लिहू दे. कुठलं टूल कितव्या जागेवर, शून्य कुठे धरला, पहिला जॉब काढताना काय काय तपासायचं. एक प्रत मशीनच्या दाराला लावा, एकीचा फोटो तुमच्याकडे. महिन्याने त्या फोटोवरून एकेकाला फोन करून विचारा, आता त्यात काय बदललं. त्यातून जी माणसं बोलती राहतील ती राहतील. बहुतेक जण राहणार नाहीत, आणि त्यात त्यांचा तुमच्याविषयी अनादर नाही.

आपल्या भागाला हे फिरून शिकवणं नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं असं शेतकरी म्हणत होते. पहिले नांगर खपायलाच दीर्घ काळ गेला. माल करणं हे अर्धंच काम होतं, माणसाला बांधावर जाऊन पटवावं लागत होतं. पुढे 1910 मध्ये औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनीही ओगले काच कारखाना, किर्लोस्कर आणि सातारचे कूपर यांच्यासाठी गावोगाव फिरून माल विकला आहे. खेड्यातली पोरं शाळेवाचून कशी राहतात हे त्यांनी त्या भ्रमंतीत जवळून पाहिलं, आणि 1919 मध्ये काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. हे आपल्याकडे शाळेपासून सांगतात. पण त्याच गोष्टीत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आहेत. साताऱ्याच्या बोर्डिंगातल्या पोरांच्या पोटासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. फिरणाऱ्या माणसाच्या कामाचा किती भार घरात राहिलेलं माणूस उचलतं, हे त्यावरून बघावं. आणि म्हणूनच तुमच्या पत्रात तुमच्या पत्नीबद्दल 'तिला शिफ्ट असते' एवढंच एक वाक्य आहे, हे मला कमी वाटलं.

नर्सची ड्यूटी म्हणजे मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट. तिचा ड्यूटी चार्ट तिला आधी कळतो. तुमचा दौरा तुम्हाला आयत्या वेळी कळतो. हे दोन कागद आजवर एकदा तरी एका टेबलावर शेजारी ठेवलेत का? नसतील तर या रविवारी ठेवा. तिच्या नाइटचा आठवडा हा तुमचा मिरजेत राहण्याचा आठवडा. तो आठवडा कंपनीला आधीच कळवून ठेवायचा, जशी गिऱ्हाइकाला तारीख देता तशी. महिन्याला एक आठवडा असा बांधून मिळाला तरी घराचं गणित बदलेल. ती नाइट करून आल्यावर आईंचं औषध, मुलाचा डबा आणि दाराशी आलेला गॅसवाला हे सगळं एकटीने बघते, आणि तेव्हा तुम्ही होसूरच्या हॉटेलातून 'सगळं ठीक ना' असा फोन करता. ती 'ठीक' म्हणते, कारण दुसरं काय म्हणणार!

तिसऱ्या दिवशी अडचण का होते, याचा मला अंदाज आहे. तुम्ही दिवसभर लोकांना 'असं नको, असं करा' सांगणारा माणूस. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी फ्रिज लावून देता, तिसऱ्या दिवशी मुलाचं अभ्यासाचं वेळापत्रक बदलता, चौथ्या दिवशी निघून जाता. मागे राहिलेल्यांना ते पुन्हा पहिल्यासारखं करत बसावं लागतं. घर तुमच्यामागे एका पद्धतीने चालू असतं. आल्यावर पहिले दोन दिवस ती पद्धत बघा, विचारा, आणि जे तिच्याकडून राहून गेलंय ते उचला. त्यापेक्षाही चांगलं म्हणजे एक काम असं घ्या जे तुम्ही कुठेही असलात तरी तुमचंच. मुलाचं गणित घ्या. रोज रात्री साडेआठला व्हिडिओ कॉल, पाच उदाहरणं, बस. कोइमतूरला उशीर झाला तर वर्ग आधी संपवा, पण साडेआठ चुकवू नका. चौथीतल्या पोराला वडील शिक्षक आहेत हे त्यातूनच कळेल. विजेचं बिल, आईंच्या गोळ्या मागवणं हेही फोनवरून होतं. ते तिच्या डोक्यावरून काढून घ्या, आणि 'मदत करतो' असं म्हणू नका.

पैशाचं थोडक्यात. कुपवाडचा पगार आठ हजारांनी कमी, असं लिहिलंत. हा हिशेब करताना डीए धरला की नाही? दौऱ्यावरचा भत्ता पीएफमध्ये धरला जात नाही, आणि करमुक्त असतो तो खरोखर खर्च होतो तेवढ्यापुरताच. पण खूप घरांत होतं असं की माणूस स्वस्तात जेवून डीए वाचवतो आणि त्या वाचलेल्या पैशावर गाडीचा हप्ता बांधतो. मग दौरे कमी करणं परवडेनासं होतं. तुमचा असा हप्ता असेल तर नोकरीच्या आधी तो फेडा. आणखी एक, सव्वाचार वर्षं झालीत म्हणता. कायम कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी सलग 5 वर्षांची सेवा लागते. इतके महिने काढलेत, तर काही महिन्यांसाठी ती रक्कम सोडून देऊ नका. कुपवाडचा वर्कशॉपवाला तुम्हाला ओळखून बोलावत असेल तर तो थांबेल. नाहीच थांबला तर दुसरा मिळेल. मशीन समजणारा आणि समजावून सांगणारा माणूस एमआयडीसीत सहज मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

हाताची सवय सुटत चाललीय, ही भीती खरी आहे आणि ती मी हलकी घेणार नाही. जो ट्रेनर नुसता स्लाइड दाखवतो त्याला ऑपरेटर पहिल्या तासात ओळखतात. प्रत्येक ठिकाणी शेवटच्या दिवशी एक जॉब सुरुवातीपासून स्वतः लावा. चकचे जबडे बोअर करण्यापासून पहिला पीस मायक्रोमीटरने मोजेपर्यंत सगळं, पोरांच्या देखत, मध्ये न बोलता. त्यांना ते दहा स्लाइडपेक्षा जास्त शिकवतं आणि तुमचा हात चालू राहतो.

आणि तुम्हाला नक्की काय सोडायचंय, प्रवास की शिकवणं, हे एकदा नीट बघा. पत्रात तुम्ही प्रवासाबद्दल तक्रार केलीत, शिकवण्याबद्दल नाही. प्रोग्रामरच्या खुर्चीत बसलात तर प्रवास सुटेल, पण शिकवणंही सुटेल. तिसरी वाट आहे. आयटीआयमध्ये शिल्प निदेशक म्हणून शिकवायचं असेल तर केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाचा एक वर्षाचा क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचा अभ्यासक्रम असतो. डिप्लोमावाल्यांना तो करता येतो, आणि मुंबईतही त्याची राष्ट्रीय संस्था आहे. सरकारी भरती निघेल तेव्हा निघेल, पण खाजगी आयटीआय आणि कंपन्यांची ट्रेनिंग सेंटरं अशी माणसं शोधत असतात. एक वर्ष घर सोडून पुन्हा शिकणं आज जमणार नाही, हे मला दिसतंय. पण सांगली-मिरजेच्या एखाद्या आयटीआयच्या प्राचार्यांना भेटून, तुमच्या घरच्या आठवड्यात एक-दोन पाहुणे तास मागून बघा. कंपनीची परवानगी घेऊन. रोज त्याच पोरांना वर्षभर शिकवणं हे पाच दिवसांच्या वर्गापेक्षा वेगळं काम आहे. ते आवडतंय का हे तिथे उभं राहिल्यावरच कळेल.

आता शेवटी आईंचं ऑपरेशन, जे खरं तर सगळ्यात आधी व्हायला हवं. तीनदा पुढे ढकललंत, ते सोय बघत राहिल्यामुळे. घरात नर्स आहे म्हणून काळजी नाही, असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असणार. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर, व्यायाम, रात्री उठवून बाथरूमपर्यंत नेणं हे काही आठवडे चालतं, आणि दिवसभर वॉर्डात हेच करून आलेल्या बाईने घरी पुन्हा तेच करायचं, हे बरोबर नाही. डॉक्टरांना भेटा, तारीख घ्या. त्या दिवसापासून तीन आठवड्यांची रजा आजच मेलवर टाका आणि त्या काळातली राजकोटची बॅच दुसऱ्या ट्रेनरला द्यायला सांगा. पत्नीच्या ड्यूटी चार्टवर ते तीन आठवडे कुठे पडतात ते तिला विचारून मगच तारीख पक्की करा. बाकीचं सगळं मी वर लिहिलंय, ते त्यानंतर.